काट्याचे प्रामाण्य

ज्या साधनाने आपण इतर वस्तू मोजतो, त्या साधनाविषयीच शंका उत्पन्न झाली तर मनुष्याने काय करावे, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार प्राचीन काळापासून विचारात घेतला आहे. डोळ्याने घट पाहावा हे खरे, पण डोळाच सदोष आहे की काय हे कशाने पाहावे? बुद्धीने योग्यायोग्य ठरवावे हे खरे, पण बुद्धीच फिरली आहे की काय हे कोणत्या बुद्धीने ठरवावे? हा केवळ पाठशाळेतील वाद नव्हे. प्रपंचात राहणाऱ्या प्रत्येक मनुष्यावर केव्हा ना केव्हा हा प्रसंग येतो. आणि त्या वेळी तो जसा वागेल त्यावर त्याचे स्वतःचेच नव्हे, तर त्याच्यावर विसंबून असलेल्या माणसांचेही हिताहित अवलंबून असते.

शास्त्रकारांनी असले प्रश्न सोडविताना मोठमोठे दृष्टांत शोधले नाहीत. घट, पट, धूर, दोरी, शिंपला, तराजू अशा नित्याच्या वस्तूंवरच त्यांनी आपले सिद्धांत उभे केले. त्याच पद्धतीला अनुसरून आपणही आपल्या काळातील एक साधी वस्तू घेऊ. जुन्या पिकअप मालमोटारीत टाकीतील पेट्रोल दाखविणारा जो काटा असतो, तो बिघडला म्हणजे जाणता मिस्त्री त्याचा दोष कसा शोधतो, हे पाहिले असता वरील प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पुष्कळ साहाय्य होईल असे वाटते.

प्रथम त्या काट्याचा थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतील फोर्ड कारखान्याने 1925 साली आपली पहिली तयार पिकअप गाडी विक्रीस काढली. ती मॉडेल टी या गाडीच्या सांगाड्यावर बांधलेली होती, आणि तिला पेट्रोलचा काटाच नव्हता. टाकी पुढच्या आसनाखाली असे. चालकाने उतरावे, आसन उचलावे, टाकीचे झाकण काढावे आणि खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवून ती कोठवर भिजली ते पाहावे, असा प्रकार होता. त्यात श्रम होते, परंतु शंकेला फारसा अवकाश नव्हता, कारण मोजणाऱ्याची पट्टी आणि मोजावयाची वस्तू यांच्यामध्ये दुसरे काहीही नव्हते. त्यानंतरच्या मॉडेल ए गाडीत टाकी चालकाच्या समोरच बसविलेली असल्यामुळे तरंगणाऱ्या फ्लोटाशी जोडलेली लहानशी तबकडी त्याला सरळ दिसू लागली. पुढे टाकी आणि तबकडी यांत अंतर पडले व मध्ये विजेची तार आली. चालकाची सोय झाली, त्याला आसन उचलण्याचे कारण उरले नाही. मात्र वस्तू आणि वस्तूचे ज्ञान यांच्या मधोमध चार-पाच मध्यस्थ येऊन बसले, आणि जेथे मध्यस्थ आले तेथे दोषालाही जागा झाली.

हे मध्यस्थ कोणते ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. टाकीत एक पोकळ पितळी फ्लोट तरंगत असतो. तो एका दांडीच्या टोकाला बसविलेला असून पेट्रोल वाढले की वर येतो व घटले की खाली जातो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला बारीक तारेचे वेटोळे असते आणि त्यावरून एक पत्रा सरकतो. पत्रा सरकला की विजेच्या मार्गातील अडथळा कमी-अधिक होतो. तेथून एक तार चालकाच्या समोरील काट्यापर्यंत जाते. विजेला परत येण्यासाठी दुसरी तार नसते, टाकीचे धातूचे अंग आणि गाडीचा सांगाडा हाच तिचा परतीचा मार्ग. त्याला आपल्याकडील मिस्त्री ‘अर्थ’ असे म्हणतात. पेट्रोल, फ्लोट, वेटोळे, तार, अर्थ आणि शेवटी काटा अशी ही परंपरा आहे. यांपैकी बोलतो तो एकटा काटा. बाकीचे सर्व मूक आहेत, आणि म्हणूनच बिघाड झाला की लोकांचा पहिला रोष त्या बोलणाऱ्यावर होतो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे, आणि या लेखाचा मुख्य आधार तीच आहे. शेवरोलेच्या 1967 ते 1972 या काळातील पिकअप गाड्यांत टाकी रिकामी असताना त्या वेटोळ्याचा अडथळा जवळजवळ शून्य असतो आणि भरलेली असताना तो 90 ओहमपर्यंत जातो. फोर्डच्या 1960 नंतरच्या दशकातील पिकअप गाड्यांत याच्या नेमके उलट आहे. तेथे टाकी रिकामी असताना अडथळा सुमारे 73 ओहम असतो आणि भरलेली असताना तो सुमारे 10 ओहमवर येतो. आता समजा की दोन्ही गाड्यांत एकच बिघाड झाला, टाकीकडे जाणारी तार तुटली. तार तुटली म्हणजे अडथळा अमर्याद झाला. शेवरोलेचा काटा अशा वेळी ‘भरली’ या खुणेच्याही पलीकडे जाऊन टेकतो, आणि फोर्डचा काटा ‘रिकामी’ या खुणेवर पडून राहतो. उलटपक्षी तारेवरचे आवरण झिजून ती सांगाड्याला चिकटली, तर शेवरोले रिकामी दाखविते आणि फोर्ड भरलेली दाखविते. दोष तोच, परंतु एक यंत्र त्या दोषाने तृप्त दिसते आणि दुसरे दरिद्री दिसते. तेव्हा काटा काय दाखवितो एवढ्यावरून दोष कोठे आहे हे कळत नाही. त्या यंत्राचा स्वभाव ठाऊक असावा लागतो.

आता शास्त्राकडे वळू. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः सिद्ध आहे की दुसऱ्या कशावरून सिद्ध करावे लागते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद झाला. कुमारिल भट्टांचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्ञान उत्पन्न झाले म्हणजे ते प्रमाण मानूनच व्यवहार करावा. त्याचे अप्रामाण्य मात्र बाहेरून कळते, आणि तेही दोनच मार्गांनी. एक तर त्या ज्ञानाच्या विरुद्ध दुसरे बळकट ज्ञान उत्पन्न व्हावे, किंवा ज्या कारणाने ते ज्ञान झाले त्या कारणातील दोष उघडकीस यावा. नैयायिक म्हणतात की प्रामाण्यही बाहेरूनच ठरते, आणि ज्ञानानुसार केलेली प्रवृत्ती सफल झाली म्हणजे ते ज्ञान खरे होते असे अनुमान करावे.

मोटार चालविणारा मनुष्य नकळत दोघांचाही शिष्य असतो. काटा अर्धी टाकी दाखवीत असेल तर तो मीमांसकाप्रमाणे त्यावर विश्वास ठेवून निघतो. प्रत्येक प्रवासापूर्वी टाकी उघडून पट्टी बुडवू लागला तर काट्याचा उपयोगच काय राहिला? पण वाटेत इंजिन गुदमरून बंद पडले आणि काटा अद्यापि अर्ध्यावरच आहे असे दिसले, म्हणजे बाधक ज्ञान झाले. या क्षणापासून पूर्वीचा विश्वास चालू ठेवणे हा केवळ अविचार ठरतो. आणि कित्येक माणसे नेमका हाच अविचार करतात. काट्याला बोटाने टिचकी मारतात, तो थोडा हलला की समाधान मानतात आणि पुन्हा त्याच्याच भरवशावर पुढच्या प्रवासाला निघतात.

याच्या उलट दुसऱ्या प्रकारची माणसे आहेत. काटा एकदा खोटा ठरला की ती तो काढून फेकून देतात व बाजारातून नवा आणतात. नवाही तसाच खोटा बोलतो. मग टाकीतील फ्लोट व वेटोळे बदलतात. तरीही दोष जात नाही. अखेरीस कोणी जाणता मिस्त्री येतो, टाकीला अर्थ देणारा गंजलेला एक स्क्रू काढून घासतो, आणि नवा-जुना कोणताही काटा लावला तरी खरे बोलू लागतो. ज्याने बातमी दिली त्याच्यावर राग, आणि जेथे संबंध तुटला तिकडे दुर्लक्ष, ही रीत केवळ मोटारींच्या बाबतीत चालते असे नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर चिडणारा बाप आणि नाडी पाहणाऱ्या वैद्यावर रुष्ट होणारा रोगी हेही काटाच बदलीत असतात.

मग योग्य रीत कोणती? जाणता मिस्त्री सर्वांत आधी काट्याकडे पाहतच नाही. तो टाकीत खरोखर किती पेट्रोल आहे ते निश्चित करून घेतो. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तराजूचा जो दृष्टांत आला आहे त्याचे मर्म हेच आहे. तराजू सोने तोलते तेव्हा ती प्रमाण असते. पण तराजूविषयी संशय आला तर निश्चित वजनाचे सोने घेऊन तराजूचीच परीक्षा करता येते, आणि तेव्हा ती प्रमेय होते. एकच वस्तू एका वेळी मोजणारी आणि दुसऱ्या वेळी मोजली जाणारी असू शकते, यात विरोध नाही. मात्र परीक्षेसाठी लागणारे सोने त्या तराजूने तोललेले असता कामा नये. काट्याची परीक्षा करावयाची तर पेट्रोलचे माप काट्यावाचून माहीत असावे लागते.

दुसरी पायरी अन्वय-व्यतिरेकाची. अमुक असता तमुक होते आणि अमुक नसता होत नाही, असे दोन्ही अंगांनी पाहिल्यावाचून कार्यकारणाचा निश्चय होत नाही, हे आपल्याकडील तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते. मिस्त्री हेच हाताने करतो. गाडीची चावी बंद ठेवून तो टाकीजवळची तार सोडवितो, मग चावी फिरवून काटा पाहतो. पुन्हा चावी बंद करून ती तार सांगाड्याच्या स्वच्छ धातूला जोडतो, आणि चावी क्षणभरच फिरवून काटा पाहतो. तार मोकळी असता शेवरोलेचा काटा भरलेल्याच्या पलीकडे गेला आणि तार सांगाड्याला जोडली असता रिकाम्यावर आला, तर काटा आणि तार दोन्ही निर्दोष ठरली, आणि दोष टाकीच्या बाजूला आहे हे सिद्ध झाले. फोर्डमध्ये फळ उलट मिळेल. काटा जर दोन्ही वेळा जागचा हललाच नाही, तर दोष तारेत, फ्यूजमध्ये किंवा काट्यात शोधावयाचा. एवढ्या एका परीक्षेने निम्मी शंका नाहीशी होते. चावी बंद ठेवूनच तार जोडावी याचे कारण असे की, पेट्रोलच्या वाफेजवळ एक ठिणगीही पुरे होते. या जुन्या गाड्यांत टाकी सामान्यतः चालकाच्या पाठीमागे, आसनामागेच असे, ही गोष्ट विसरता येत नाही. सत्य शोधताना आग लावू नये, ही सावधगिरी कुटुंबातील दोष शोधणारांनीही घ्यावयास हवी.

दोष टाकीच्या बाजूला ठरल्यावरही मिस्त्री लगेच टाकी उघडीत नाही. प्रथम टाकीच्या अंगापासून सांगाड्यापर्यंत एक तात्पुरती तार लावून पाहतो. तेवढ्याने काटा खरे बोलू लागला तर गंजलेला अर्थ हाच अपराधी. तेवढ्याने भागले नाही तरच बॅटरीची तार काढून तो आतील यंत्र बाहेर घेतो. फ्लोट कानाजवळ हलवून पाहतो. आत पेट्रोल शिरले असेल तर खळखळ ऐकू येते. रिकामा वाटला तरी गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते बघतो, कारण टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रानेही फ्लोट जड होऊन बुडतो, आणि बुडलेला फ्लोट टाकी भरली तरी तळाशीच पडून राहतो. शेवटी दांडी हळूहळू वर-खाली करून वेटोळ्याचा अडथळा मीटरवर मोजतो. तो एकसारखा बदलत गेला तर ठीक. मध्येच एका जागी तुटला, तर तेथे वर्षानुवर्षे घासून वेटोळे झिजले आहे असे समजावे. स्वस्त, सोपे आणि निरुपद्रवी ते आधी, आणि मोडतोड करणारे ते शेवटी, हा या परीक्षेचा क्रम आहे.

फोर्डच्या त्या जुन्या गाड्यांत आणखी एक बोधप्रद योजना आहे. तेथे काट्याला बॅटरीची 12 व्होल्टची वीज सरळ मिळत नाही. मध्ये एक लहान नियामक असतो. तो वीज पुन्हा पुन्हा जोडून-तोडून तिचे सरासरी बळ सुमारे 5 व्होल्ट राखतो. याच नियामकावर पेट्रोलचा काटा आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा असे दोन्ही अवलंबून असतात. नियामकाचाच अर्थ सुटला तर पूर्ण 12 व्होल्ट पुढे जातात आणि दोन्ही काटे एकदम वर चढतात. न जाणणारा चालक म्हणेल की, दोन काटे चढले त्या अर्थी इंजिन खरोखरच तापले असेल आणि टाकीही भरलेली असेल. जाणता मिस्त्री याच्या उलट म्हणेल की, दोन काटे एकाच वेळी एकाच दिशेने गेले, म्हणून दोघांच्या समाईक मुळाकडे पाहा.

या ठिकाणी नैयायिकांच्या मतातील एक सूक्ष्म मुद्दा स्पष्ट होतो. एका ज्ञानाला दुसऱ्याचा संवाद मिळाला म्हणजे ते दृढ होते हे खरे. पण संवाद देणारे दुसरे ज्ञान पहिल्याच मुळातून निघालेले असेल, तर तो संवाद नव्हे, केवळ प्रतिध्वनी होय. आपल्या वागणुकीविषयी शंका आली म्हणजे आपण चार माणसांना विचारतो. ती चारही माणसे आपल्याच अन्नावर, आपल्याच मर्जीवर किंवा आपल्याच मतावर पोसलेली असतील, तर त्यांच्या एकमताने काहीही सिद्ध होत नाही. ते एकाच नियामकावरचे चार काटे आहेत. साक्षी विचारावयाचा तर आपल्या वीजेवर न चालणारा विचारावा, मग तो एखादा परका मनुष्य असो, विरोधक असो, किंवा मॉडेल टीमधील लाकडी पट्टीसारखी मूक वस्तुस्थिती असो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मनुष्याच्या अंतःकरणातही असा एक काटा आहे. आपण पुरेसे केले की नाही, आपले कर्तव्य पार पडले की राहिले, हे तो सतत दाखवीत असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात बुद्धीचे जे तीन भेद सांगितले आहेत, त्यांत यथार्थ जाणणारी बुद्धी निराळी, जसे आहे तसे न जाणणारी निराळी आणि सर्वच उलटे जाणणारी निराळी सांगितली आहे. तेथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, तिसऱ्या प्रकारच्या बुद्धीलाही निश्चय असतो. अधर्माला धर्म मानणारी बुद्धी संशयात नसते. खोट्या काट्याचेही तसेच आहे. तुटलेल्या तारेचा काटा थरथरत नाही, तो एका जागी अगदी स्थिर असतो. म्हणून मनाची स्थिरता हे त्याच्या सत्यतेचे लक्षण मानता येत नाही.

दोन घरांची उदाहरणे घेऊ. एका घरात कर्ता पुरुष मोठ्या समाधानाने सांगतो की, आमच्या घरात कोणाची कसलीच तक्रार नाही. मुले बोलत नाहीत, सुना बोलत नाहीत, पत्नी विचारल्यावाचून उत्तर देत नाही. त्याचा काटा ‘भरली’ या खुणेच्याही पलीकडे टेकलेला आहे. पण त्याने एकदा तरी पाहावयास नको का, की ही तृप्ती आहे की तार तुटली आहे? पूर्वी कधी कोणी तक्रार केली आणि तिच्यावर तो गरजला, दुसऱ्याने केली आणि तिचा उपहास झाला, आणि हळूहळू त्या घरातून त्याच्यापर्यंत येणारी प्रत्येक तार सुटली, असे झाले असेल तर त्या मौनाला संतोष म्हणता येत नाही. अशा गाडीचा स्वामी एखाद्या अडचणीच्या ठिकाणी, रात्रीच्या वेळी, सर्व कुटुंब बरोबर असताना थांबतो. आणि त्या क्षणापर्यंत त्याचा काटा त्याला भरलेली टाकीच दाखवीत असतो.

दुसऱ्या घरात एक स्त्री आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती राबते, आजाऱ्याची शुश्रूषा करते, मुलांचा अभ्यास घेते, सणवार सांभाळते. तरीही आपल्या हातून काहीच होत नाही असे तिला सतत वाटते. तिचा काटा ‘रिकामी’ या खुणेवरून हलतच नाही. तिला कोणी म्हणतात, आणखी सेवा कर म्हणजे समाधान मिळेल. हा उपदेश चांगल्या हेतूने केलेला असला तरी तो घातक आहे. भरलेल्या टाकीत पेट्रोल ओतीत राहिले तर काटा वर येत नाही, पेट्रोल मात्र बाहेर सांडते, आणि सांडलेले पेट्रोल कोणत्याही ठिणगीने पेटते. तिचा फ्लोट बुडाला आहे. बालपणी किंवा सासरच्या पहिल्या वर्षांत कोणा कठोर शब्दाने त्याला टाचणीएवढे छिद्र पडले, आणि तेव्हापासून कितीही भर पडली तरी तो वर येत नाही. येथे कर्तव्याचा उपदेश नको, ते छिद्र बुजविणाऱ्या चार स्नेहाच्या शब्दांची गरज आहे.

पहिल्याला तृप्ती खोटी पडली, दुसरीला उणीव खोटी पडली. म्हणून ‘मन सांगते तसे वागा’ हा उपदेशही अपुरा, आणि ‘मनावर कधीच विश्वास ठेवू नका’ हा उपदेशही अपुरा. एकाने काट्याला देव केले, दुसऱ्याने काटा उपटून टाकला. परीक्षा दोघांनीही केली नाही.

येथे कोणी अशी शंका काढील की, एवढी खटपट कशासाठी? पुष्कळ लोक बिघडलेल्या काट्यानेच वर्षानुवर्षे गाडी हाकतात. अर्ध्यावर आला म्हणजे संपत आले असे समजतात, किंवा किती मैल झाले ते पाहून पेट्रोल भरतात. यात कोणते पाप आहे?

या शंकेत तथ्य आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. ज्याचा खोटेपणा नियमित असतो, त्याच्यापासूनही खरे काढता येते. पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळ पाच मिनिटे वजा करून वापरता येते. आपला राग लवकर चढतो हे जाणणारा मनुष्य रागाच्या भरात आलेला निर्णय दुसऱ्या दिवसावर ढकलतो. तो बिघडलेला काटा दुरुस्त करीत नसला तरी त्याचा हिशेब ठेवतो. जाणलेला दोष हा निम्मा दुरुस्त झालेला दोष आहे. परंतु हे समाधान दोन ठिकाणी तोकडे पडते. वेटोळे झिजलेला काटा कधी वर, कधी खाली उडतो. त्याचा खोटेपणा नियमित नसल्यामुळे त्यातून हिशेब निघत नाही. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे असे की, तो हिशेब केवळ चालकाच्या डोक्यात असतो.

ती गाडी त्याने एका रात्री आपल्या मुलाच्या हाती दिली, शेजाऱ्याला उसनी दिली, किंवा चार पैसे घेऊन विकली, तर काय होईल? काटा गाडीबरोबर जातो, हिशेब बरोबर जात नाही. नवा चालक अर्धी टाकी पाहून निश्चिंत निघेल. त्याने मीमांसकाप्रमाणे ज्ञानावर विश्वास ठेवला, यात त्याचा अपराध कोणता? दोष ज्याला ठाऊक होता आणि ज्याने तो सांगितला नाही, त्याच्याकडेच तो अपराध येतो. खोटे बोलण्यासाठी तोंडच उघडावे लागते असे नाही. दोन शब्द सांगून टाळता आली असती अशी दुसऱ्याची हानी मौनाने होऊ देणे हाही असत्याचाच प्रकार होय. बाप आपल्या मनाचे बिघडलेले काटे मुलांना देतो तेव्हाही हेच घडते. अमुक जातीचा मनुष्य असाच, अमुक नातेवाईक तसाच, पैसा आहे तोवरच मान आहे, असली मापे त्याच्या आयुष्यात कोणत्या अपघाताने वाकडी झाली ते तो जाणतो, आणि व्यवहारात मनाशी थोडी वजाबाकीही करतो. मुलाला मात्र तो वाकडे मापच देतो, वजाबाकी देत नाही. मुलगा त्या मापावर पूर्ण विश्वास ठेवून आयुष्याच्या वाटेला लागतो.

म्हणून स्वतःपुरते निभावते आहे, हे उत्तर गृहस्थाला पुरेसे नाही. संन्यासी एकटा चालतो; त्याची टाकी संपली तर तो वाटेत बसेल. गृहस्थाच्या गाडीत मागे माणसे बसलेली असतात.

शेवटी एक सावधगिरी. हे सर्व वाचून कोणी नित्य संशयातच पडेल, प्रत्येक विचाराची तार सोडून पाहू लागेल, तर त्याची गाडी कधी निघणारच नाही. परीक्षेचीही परीक्षा, आणि त्या परीक्षेचीही परीक्षा, असे करीत गेले तर अंत लागत नाही. हा आक्षेप कुमारिलांच्याही समोर होता, आणि त्यांनी त्याचे समाधान अतिशय व्यवहारी रीतीने केले. तीन-चार ज्ञानांपलीकडे पडताळा पाहण्याची आवश्यकता राहत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. मिस्त्रीचेही असेच आहे. पेट्रोलचे खरे माप, मोकळी तार, जोडलेली तार आणि तात्पुरता अर्थ, एवढ्या चार गोष्टी पाहिल्यावर बहुतेक दोष सापडतो. मग तो हात पुसतो आणि गाडी रस्त्यावर आणतो.

तात्पर्य असे की, बाधक दिसेपर्यंत आपल्या बुद्धीवर विश्वास ठेवावा, कारण त्यावाचून पाऊलही पुढे पडणार नाही. बाधक दिसले की विश्वास थांबवावा, पण काट्यावर रागावू नये. आपल्या वीजेवर न चालणाऱ्या एखाद्या साक्षीकडून खरे माप घ्यावे, सोप्याकडून अवघडाकडे क्रमाने शोध करावा, आणि दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत आपल्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो सांगून ठेवावा. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींना थोडी बुद्धी लागते. चौथीला केवळ प्रामाणिकपणा लागतो, आणि ती आज संध्याकाळीच आपल्या घरातील माणसांपाशी करता येण्यासारखी आहे.